पुलाअलीकडचा मिस्त्री

तिनं अंगठा पुढे दाबला आणि पडद्यावरची मुखवटा घातलेली पोरगी पुलावर धावत सुटली. मागून तिच्या सोबतीचा म्हातारा मिस्त्री लंगडत निघाला. निम्मा पूल होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग उलटलेल्या बसमागून कुत्री आली. एक नाही, दोन नाही, चांगली पाच. पोरगी निसटली, मिस्त्री सापडला.

"गेला," ती म्हणाली. "अहो, पुन्हा गेला हो हा."

शेजारच्या चाकांच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्यानं पडद्यावरून नजर काढली नाही. डाव्या हाताची बोटं तेवढी खुर्चीच्या हातावर दोनदा आपटली.

"मला कळतंय. कळत नाही असं नाही. पण पळता येत नाही त्याला, मी काय करू?"

आजच्या दुपारची ही सहावी खेप होती. मिस्त्री मेला तरी खेळ पुढे चालायचा, पोरगी एकटी जाऊ शकायची. पण हे तिला सोसवत नव्हतं. तो मेला की ती खेळ मागे न्यायची आणि अलीकडच्या पंपघरापासून पुन्हा सुरुवात करायची. तिनं सगळं करून पाहिलं होतं. कुत्री सुस्तावतील म्हणून टळटळीत दुपारी निघून पाहिलं. मांसाचा डबा लांब भिरकावून पाहिला. तीन कुत्री डब्यामागे गेली, दोन मिस्त्रीमागे. चार गोळ्या होत्या, त्यातल्या तीन हवेत गेल्या आणि चौथी बसच्या टपावर. एकदा तर मिस्त्रीला पुढे घालून आपण मागून चालली, तर तो भला माणूस मध्येच थांबून कठड्याला टेकला आणि दम खाऊ लागला.

"मेल्या, इथे बसतात होय?" ती तेव्हा ओरडली होती, आणि नवऱ्याच्या तोंडाची डावी बाजू हसल्यासारखी हलली होती. त्या हलण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

नवरा एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपांवर होता. निवृत्त झाला आणि घरात काय करावं ते त्याला कळेना. भाचा नोकरीला लांब जाताना आपलं गेमचं मशीन मामाकडे ठेवून गेला, आणि हा साठीचा माणूस त्या जळून गेलेल्या जगात रमला. सगळं बेचिराख झालंय, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, प्यायचं पाणी कुठे नाही. ती भाजी निवडत बसायची आणि हा तिथले गंजलेले पंप दुरुस्त करत बसायचा. "इथेही ड्यूटीच," ती चिडवायची. सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता तो खाली बसला तो बसलाच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "अं" एवढंच उरलं. टीव्हीवर काहीही लावा, नजर भिंतीवर. आला-गेला बोलू दे, नजर भिंतीवर. व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताईंनी गेमचं मशीन पाहिलं आणि म्हणाल्या, हे लावून बघा. तिनं लावलं, आणि त्याचे डोळे जागे झाले. रिमोट मात्र त्यानं हातात घेतला नाही. ताईंनी त्याच्या डाव्या हातात तो दोनदा दिला, त्यानं दोन्ही वेळा मांडीवरून खाली सोडून दिला. मग तीच खेळू लागली.

खेळू लागली म्हणजे काय, आधी तिनं साफसफाई केली.

सत्तावीस वर्षं तिनं शाळेच्या प्रयोगशाळेत काढली होती. नळ्या विसळायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, तडा गेलेलं काचेचं सामान दिसलं की आधी फेकायचं, मग वहीत लिहायचं. पोरीची पाठपिशवी उघडली आणि तिला भोवळच यायची बाकी राहिली. केवढा तो पसारा! फुटकी घड्याळं, गंजलेली सळई, दोराची गुंडाळी, टायर नसलेलं एक चाक. 'वजन जास्त आहे, पळता येणार नाही,' असं खेळ सारखा सांगत होता. मग काय, ती बसली आणि एकेक वस्तू टाकत गेली.

"काय हो हे, जन्माची सवय," ती म्हणत होती. "तुमच्या पेटाऱ्यातही हेच. वाकडे खिळे, जुने वॉशर."

तो "अं, अं" करत होता. तिला वाटलं तहान लागली. तिनं उठून, ठसका लागू नये म्हणून घट्टसर केलेलं पाणी चमच्यानं पाजलं. तो तोंड फिरवू लागला, तिनं ओठ पुसले आणि पुन्हा टाकायला बसली. मग त्याचे चाळीसेक जुने सेव्ह, म्हणजे खेळ जिथे जिथे थांबवला तिथल्या नोंदी दिसल्या, तारीखवार, एकावर एक. चाळीस कशाला हवेत? तिनं शेवटचा ठेवला, बाकीचे पुसले. सगळं कसं लख्ख झालं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तर तिनं पडदा जरा लांब सरकवला.

गेल्या बुधवारी तिला खेळातली वही सापडली. पोरीच्या खिशात वही असते आणि तिच्यात करायची कामं लिहिलेली असतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यात वर लिहिलं होतं: हातगाडी. दोन चाकं, एक आस, दोर, फळ्या. मिस्त्रीला गाडीवर बसवून पूल ओलांडा.

ती कितीतरी वेळ ते पान वाचत राहिली. चाक. आस म्हणजे ती सळई. दोर.

तिला आठवलं, तो चांगला हिंडता-फिरता होता तेव्हा भाच्याचा फोन आला होता. फोन स्पीकरवर होता. "मामा, तीन महिने झाले, अजून तुम्ही पुलाच्या अलीकडेच? त्या म्हाताऱ्याला सोडा ना पंपघरात. सगळे तसंच करतात. तो मरत नाही तिथे, बसून राहतो." आणि हा म्हणाला होता, "बघू रे. घाई काय आहे?" तीसुद्धा हसली होती. एक पूल ओलांडता येत नाही यांना, म्हणाली होती.

त्याला एकच चाक कमी होतं. बाकी सगळं जमलं होतं. आणि ते सगळं तिनं त्याच्यासमोर बसून, त्याचे ओठ पुसत, एकेक करून फेकलं होतं.

ती धावत-पळत पोरीला घेऊन त्या जागी परत गेली. तिथे नुसतं गवत. टाकलेली वस्तू खेळात तीन दिवसांनी नाहीशी होते म्हणे. अलीकडचा सगळा भाग तिनं पालथा घातला. जिथून चाक मिळालं असेल त्या जागा त्यानं आधीच रिकाम्या केल्या होत्या. मागचा एखादा सेव्ह असता तर परत जाता आलं असतं. तो तिनंच पुसला होता. तिनं नवऱ्याकडे वळून म्हटलं, "मला सांगायचंत ना." आणि मग तोंडावर हात ठेवला.

तेव्हापासून ती गाडीशिवायच मिस्त्रीला पार न्यायच्या मागे लागली होती. हट्टच म्हणा. पण आज शनिवार होता, आणि उद्याचा एकच दिवस मध्ये होता.

ते असं की, पंधरा दिवसांपूर्वी न्हाणीघरात त्याला उचलताना तिची पाठ गेली. ती खाली, तो तिच्यावर. दोघंही ओल्या फरशीवर पावणेदोन तास पडून होते. वरच्या मजल्यावरच्या सुतारानं हाक ऐकली म्हणून बरं. डॉक्टरांनी तिच्या मणक्याचा फोटो वर धरून दाखवला आणि स्पष्ट सांगितलं, पुन्हा उचललंत तर दोन खुर्च्या लागतील. दिवसभराच्या आया ठेवून पाहिल्या, दोन. एक चौथ्या दिवशी गेली, दुसरी दुसऱ्याच. मग लेकीनं तिच्या शहरात एक शुश्रूषा केंद्र शोधलं. खाट सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. बायकोला तिथे राहता येत नव्हतं. रविवारी भेटायला यायचं. तिनं अजून हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं, हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. लेकीशी ती गॅलरीत जाऊन बोलायची, दार ओढून घेऊन. गॅलरीची खिडकी मात्र उघडीच असायची, ते तिच्या ध्यानात नव्हतं.

"सातव्यांदा," ती म्हणाली आणि खेळ पुन्हा पंपघरापाशी आला.

मिस्त्री पायरीवर बसला होता. त्याच्याजवळ गेलं की पडद्यावर दोन ओळी यायच्या. 'चला.' आणि तिच्याखाली, 'इथेच थांबा.' दुसरी ओळ तिनं कधी नीट पाहिलीही नव्हती. आताही ती 'चला'वरच होती, तेवढ्यात नवऱ्याचा डावा हात हलला. हळूहळू तो खुर्चीच्या हातावरून सरकला, तिच्या मांडीवर आला, रिमोटवर आला. त्याचं बोट खालच्या बाणावर टेकलं. पडद्यावरचा पट्टा एक घर खाली सरकला.

'इथेच थांबा.'

"अहो, चुकून लागलं," ती म्हणाली आणि पट्टा वर नेला.

त्यानं पुन्हा खाली नेला.

ती पुन्हा वर. तो पुन्हा खाली. या वेळी त्यानं बोट काढलंच नाही. तिनं मान वळवून पाहिलं. तो पडद्याकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता, सरळ. सहा महिन्यांत इतकं सरळ त्यानं कुणाकडे पाहिलं नव्हतं. मग नजर तिच्या दुखऱ्या पाठीसाठी बांधलेल्या कंबरेच्या पट्ट्यावर गेली, तिथून गॅलरीच्या उघड्या खिडकीवर, आणि परत तिच्यावर.

तिनंही त्या खिडकीकडे पाहिलं.

"ऐकलंत तुम्ही," ती म्हणाली. "सगळं ऐकलंत."

"अं."

"मी हो म्हटलेलं नाही. तुमची शपथ, नाही म्हटलेलं."

त्यानं आपला हात तिच्या अंगठ्यावर ठेवला आणि अंगठा बटणावर दाबला. त्या हातात जोर काहीच नव्हता. तिनं ठरवलं असतं तर सहज सोडवून घेता आला असता. तिनं सोडवला नाही, आणि त्याबद्दल तिनं स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

मिस्त्रीनं पोरीकडे पाहून मान डोलावली. "जा तुम्ही. मी इथे पाणी चालू ठेवतो," असे शब्द पडद्याच्या तळाशी उमटले. तो पायरीवरच पाय पसरून बसला.

पोरगी एकटी निघाली. कुत्री आली, पण तिच्या पायांना गती होती. बस मागे पडली, कठडा मागे पडला, आणि मिनिटाभरात ती पलीकडे उभी होती. इतक्या खेपांत जे जमलं नव्हतं ते असं चुटकीसरशी झालं. दोघांपैकी कुणालाही आनंद झाला नाही.

पलीकडे एक मोडकी टपरी होती. टपरीच्या मागे उंच गवत होतं. पोरगी त्या गवतात शिरली आणि पडद्यावर छोटासा चौकोन उघडला.

चाक.

टायर नसलेलं, गंजलेलं, तिनं फेकलं होतं अगदी तसंच.

"बाई गं," ती म्हणाली. तिला हसू आलं. हे उचलायचं म्हटलं तर पिशवीत जागा नव्हती. औषधाच्या पेट्या टाकाव्या लागणार होत्या. आणि एका चाकाची काय गाडी होणार? दुसरं तिनंच फेकलं होतं. तरी तिनं औषधं टाकली आणि चाक उचललं. 'वजन जास्त आहे, पळता येणार नाही,' खेळ म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती. आज तिला गॅलरीत जावंसं वाटलं नाही. गेली असती तरी काय लपणार होतं? तिनं रिमोट दोघांच्या मधोमध त्याच्या मांडीवर ठेवला आणि तिथेच बसून फोन घेतला.

"आई, त्या लोकांचा पुन्हा फोन आला होता. त्यांना आज सांगायला हवं गं. काय ठरवलंस?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. पाठीतून कळ निघाली आणि डाव्या पायापर्यंत गेली. नवऱ्याचं डोकं एका बाजूला कललं होतं. ते सरळ करायलासुद्धा तिला उठताना दोन्ही हात टेकावे लागणार होते.

"सोमवारी," ती म्हणाली. "सोमवारी आणते त्यांना."

"नक्की ना? बाबांना सांगितलंस?"

"त्यांना माहीत आहे."

लेक पलीकडे रडू लागली. रडत रडतच ती गाडी किती वाजता पाठवते, कपडे कोणते घ्यायचे, कागद कुठे आहेत ते सांगू लागली. ही "हो, हो" म्हणत होती. खोलीत काहीतरी बारीक टकटक होत होतं. आधी तिला वाटलं घड्याळ. मग तिनं खाली पाहिलं.

रिमोट त्याच्या डाव्या हातात होता. ताईंनी दोनदा दिला तेव्हा त्यानं खाली सोडला होता, तो आता त्यानं पोटाशी घट्ट धरला होता. अंगठा त्या छोट्या दांड्यावरून पुन्हा पुन्हा घसरत होता, आणि तो पुन्हा पुन्हा वर आणत होता.

तिनं पडद्याकडे पाहिलं. पोरगी परत पुलावर होती. पाठीवर चाक घेऊन, पळता न येता, एकेक पाऊल टाकत, कुत्र्यांच्या दिशेनं, अलीकडच्या पंपघराकडे, मिस्त्रीकडे निघाली होती.

"आई?" लेक म्हणत होती. "आई, ऐकतेयस ना?"