मांडीपाशी थोडं सैल

गल्लीतल्या बायका तिला शिवणवाली काकू म्हणत. खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीशी उभा आरसा आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा, एवढ्या खोलीत तिनं निम्मी गल्ली मापली होती. कुणाचा खांदा उतरता, कुणाला पोट झाकून हवं, तिला सगळं ठाऊक. त्यातलं अवाक्षरही तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं, याचा तिला अभिमान होता.

त्या सकाळी पडद्याआडून तिची मुलगी स्कर्ट ओढत बाहेर आली. लहानपणी कपाटावर चढून बसायची म्हणून तिचं नाव खारू पडलं होतं. आता ती शाळेत गणित शिकवत होती.

"आई, हा मागून धरतोय. डावीकडेच."

"बस अजून दिवसभर वह्या तपासत."

"मग दोन्हीकडे वाढायला हवं ना? गणिताच्या बाईला गंडवतेस?"

काकूनं हसत मांडीवरून हात फिरवला आणि हसू तिथंच थांबलं. मागच्या बाजूला, वर, लिंबाएवढं काहीतरी कठीण लागलं. कातडीलगत नव्हे, चांगलं खोल.

"दुखतं?"

"छे. दाखवू या का कुणाला?"

"दुखत नाही ना? मग आधी ते स्थळ पक्कं होऊ दे."

स्थळ मावशीनं, काकूच्या धाकट्या बहिणीनं आणलं होतं. माणसं चांगली, मुलगी निरोगी आहे ना, एवढं मात्र ती फिरून फिरून विचारत. "एकदा इस्पितळाची पायरी चढलीस की सगळीकडे बोभाटा," मावशी म्हणाली. "चरबीची गाठ असेल. माझ्या तर अंगभर चरबीच आहे." दोघी हसल्या. काकूनं स्कर्टची डावी शिवण उसवून थोडी सैल केली. काही दिवसांनी आणखी थोडी. लिंबाचं संत्रं झालं तेव्हा मागे चुण्या घातल्या.

आरशात वळून बघत खारू म्हणाली, "छान लपलं गं."

पण खुर्चीवर बसणं अवघड झालं तेव्हा खारूनं ऐकलं नाही. काकू तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते घरच्यासारखे होते. "मोठी आहे आणि खोल आहे," ते म्हणाले. "अशा गाठींचं वेगळं इस्पितळ आहे. आधी तिथं स्कॅन होऊ दे."

काकूनं खारूला बाहेर बसवलं. "तिथं ओळखीचं कुणी भेटलं म्हणजे? तुम्हीच काढून टाका ना. चीर आडवी घ्या, मांडीच्या वरच्या घडीत लपेल अशी. आणि काढलेलं तपासायला पाठवू नका. त्या लॅबमध्ये मुलाकडचं माणूस कामाला आहे."

डॉक्टरांनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांनी टेबलाकडे बघत होकारार्थी मान हलवली.

व्रण सुरेख बसला. लग्न ठरलं. आणि व्रणाखाली पुन्हा काहीतरी भरून आलं.

या वेळी खारू रजा टाकून स्वतःच त्या वेगळ्या इस्पितळात गेली. काकू मागोमाग. स्कॅन झाला, सुईनं तुकडा घेतला गेला, आणि मग सर्जनबाईंनी दोघींना खोलीत बोलावलं.

"हा सारकोमा आहे. स्नायू, चरबी अशा मऊ भागात होणारा कर्करोग. फार थोड्यांना होतो, म्हणून ओळखणारेही थोडे. इथं स्कॅन बघणारे, तुकडा तपासणारे, किरणोपचार देणारे आणि आम्ही कापणारे, सगळे आधी एकत्र बसतो. सुईसुद्धा कुठून घालायची ते पुढची चीर ठरवून मगच." त्यांनी व्रणाच्या कडेवरून बोट फिरवलं. "ही आडवी का घेतली? पायाच्या लांबीत असती तर मला कमी काढावं लागलं असतं. आता ही पोचली तिथवरचं सगळं जाईल. आणि पहिली गाठ कुठं तपासली?"

खारूनं आईकडे पाहिलं. "डॉक्टरांनी पाठवली असेल ना?"

खडूनं आखल्याशिवाय काकूनं परक्याच्या कापडालाही कधी कात्री लावली नव्हती. तिनं पर्सचा बंद बोटाला घट्ट गुंडाळला.

"मी नको म्हटलं," ती म्हणाली. "आडवी घ्या हेही मीच म्हटलं. घडीत लपावी म्हणून."

नर्सनं तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. त्या खुर्चीनंच तिला जास्त लाजवलं.

"छान लपलं," खारू म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता.

आधी किरणोपचार झाले, मग शस्त्रक्रिया. पाय राहिला, मागचा बराचसा स्नायू गेला. हा रोग पुढे पसरतो तो बहुधा फुप्फुसांत; तिथं सध्या काही नव्हतं, पण ती वरचेवर तपासत राहायची होती. मुलाकडच्यांना खारूनं स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तिकडून परत फोन आला नाही. ती काठी घेऊन शाळेत जाऊ लागली. मावशीनं गल्लीत सांगितलं, जिन्यावरून पडली. काकूनं ते खोडून काढलं नाही. आईशी खारू बोलायची. जेवलीस का, किल्ली कुठंय, एवढंच.

एका दुपारी समोरच्या घरातली सासू सुनेला घेऊन आली. "हिची उजवी बाही दंडापाशी थोडी सैल कर गं. हल्ली तिथंच धरते."

सून जमिनीकडे बघत होती. काकूनं टेप लावला, दंड चाचपला. मग टेप काढून गळ्यात टाकला आणि कपडा घडी घालून परत दिला.

"हे मी करणार नाही."

"अगं, दोन टाके तर घालायचेत."

"मीही दोन टाकेच घालत होते, खारूच्या स्कर्टला." काकूचे कान तापले. "जिन्यावरून नाही पडली ती. तिला गाठ होती, आणि ती लपावी म्हणून मी सैल करत गेले."

"हळू बोल. कुणी ऐकेल."

"ऐकू दे."

पडद्याआड काठी टेकल्याचा आवाज झाला. खारू बाहेर आली आणि आईकडे न बघता सुनेजवळ स्टूल ओढून बसली.

"दुखतं का?"

"नाही," सून म्हणाली.

"माझंही दुखत नव्हतं. उद्या माझी तपासणी आहे. माझ्याबरोबर चल."

सासू दारापाशी घुटमळली. "आणि हिच्या नवऱ्याला काय सांगायचं?"

"ते आई सांगेल," खारू म्हणाली. "तिला येतं आता सांगता."