दोन किलो नऊशे

नातवाच्या सुंतेतून आजीला काय मिळणार होतं, ते आधी मांडू. चौतीस वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा अशाच लहानशा कापण्यानंतर गेला. रक्त थांबलंच नाही. तिची सासू म्हणाली, खोट हिच्या रक्तात आहे. आता नातू सुंता करून, बरा होऊन घरी आला, तर खोट तेव्हाच्या डॉक्टरच्या हातात होती असं ठरणार होतं. आजी निर्दोष सुटणार होती.

लेकीला आणि जावयाला या पहिल्या मुलाचा पत्ताच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजू नीट सांगितल्या होत्या. पहिल्या वर्षात लघवीच्या जंतुसंसर्गाची शक्यता कमी होते, पण ती मुळातच थोडी. मोठेपणी काही आजार जरा लांब राहतात. उलट बाजूला दुखणं, जखम चिघळणं, रक्त जाणं, क्वचित हात चुकणं. "घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास?"

"छे," आजी म्हणाली. लेक अजून तोंड उघडत होती.

उद्या सकाळची वेळ ठरली.

जावई दुकानांचे वजनकाटे तपासायच्या नोकरीत. तो कागदावर रेघ ओढून दोन्हीकडे आकडे मांडत बसला होता.

"बाळ आहे ते, बटाटे नव्हेत," बायको म्हणाली.

"बटाटे असते तर एव्हाना ठरलं असतं."

औषधाचं प्रमाण वजनावर ठरणार, म्हणून त्यानं जेवणाच्या टेबलावर काटा मांडला. बाळ ठेवलं. सहा किलो तीनशे.

कालच तीन चारशे होतं. त्यानं बाळ उचललं, शून्य पाहिलं, दोन किलोचं पितळी वजन ठेवलं. बरोबर दोन. पुन्हा बाळ. सहा तीनशे.

"आई, हात लागतोय का तुमचा?"

"माझे हात पाठीमागे आहेत, जावईबापू."

खरंच होते. बाळ मात्र ताटलीच्या एका कडेला सरकलं होतं, शेजारी कुणाला जागा करून द्यावी तसं.

काट्याचा संशय आला की आधी माणसं बाजूला करायची, ही त्याची कामाची रीत. त्यानं बायकोला दाराशी उभं केलं. आकडा हलला नाही. स्वतः दोन पावलं मागे गेला. तसाच. मग म्हणाला, "आई, तुम्ही जरा आत जाता?"

आजी स्वयंपाकघरात गेली. तीन चारशे.

"या." सहा तीनशे. "जा." तीन चारशे.

"पुरे की आता," लेक म्हणाली.

जावयानं सवयीनं वजाबाकी केली आणि आजीपुढे कागद धरला. चष्म्याशिवायच तिनं वाचलं. "दोन किलो नऊशे," ती म्हणाली, आणि खुर्ची मागे आहे का हे न बघताच बसली. होती, नशीब. "शेवटचं वजन केलं तेव्हा एवढंच भरलं होतं त्याचं."

"कुणाचं?"

"तुझ्या भावाचं."

मग तिनं सगळं सांगितलं, सासूचं बोलणंसुद्धा. लेकीनं बाळ उचलून छातीशी धरलं. रिकाम्या ताटलीवर आकडा दोन नऊशेच्या खाली उतरत नव्हता. जावयानं बघितलं आणि काट्यावर टॉवेल टाकला.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी कात्री बाजूला ठेवायला सांगितली आणि आधी रक्त तपासायला घेतलं. "हे काल सांगायला हवं होतं," एवढंच त्या आजीला म्हणाल्या. टाचेला टोचलेल्या जागी कापूस दाबून धरायला आजीच बसली. तिनं दोनदा कापूस बदलला, मग तिसऱ्यांदा. पाऊण तास झाला. खोट तिच्याकडूनच आली होती. तपासणीचा कागद संध्याकाळी यायचा होता, पण तिला तो वाचायची गरज उरली नाही.

तर हिशेब असा. नातवानं भरले तीन बोळे रक्त. आजीला सुटका मिळाली नाही. बाकी सगळी किंमत दोन किलो नऊशेवाल्यानं चौतीस वर्षांपूर्वीच भरून ठेवली होती.