दोनशे तेरावी पुडी

“फेका,” नव्या संचालकबाई म्हणाल्या. “लेबल नाही ना? मग कचरा.”

नियम बरोबरच होता. कुठली, कधीची, कोणी गोळा केली हे ठाऊक नसलेली वाळकी बुरशी म्हणजे नुसतीच वाळकी बुरशी. कपाटामागे सापडलेली ती कागदी पुडी कपाटं सांभाळणाऱ्या कपाटकाकांनी हातात घेतली खरी, पण टोपलीत टाकवेना. बुरशीच्या या संग्रहालयातल्या अठरा हजार पुड्या एकतीस वर्षं त्यांनी कसरीपासून जपल्या होत्या. बायको म्हणायची, “पावावर आली की मी फेकते, तुमच्याकडे तिला कपाट! वर पगारही देतात, धन्य आहे.” बुरशीत एवढं जपण्यासारखं काय असतं, हे काकांनाही ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी विचारायचं राहिलं आणि नंतर विचारणं बरं दिसेना.

“बाई, ही मास्तरांची आहे.”

“कोण मास्तर?”

“इथल्या पहिल्या बुरश्या गोळा करणारे. वारले ते, माझ्या जन्माआधी.”

“मग तुमची ओळख कशी?”

“घडीवरून. मास्तर डावखुरे असणार, शेवटचं टोक उलट्या बाजूने खोचायचे. त्यांच्या नोंदी दोनशे तेरा, पुड्या दोनशे बारा. हे लक्षात आल्याला सात वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या अंगी अन्न लागलेलं नाही.”

बाईंनी काकांच्या पोटाकडे एकवार पाहिलं आणि नोंदवही मागवली.

बिनपुडीची नोंद एकच निघाली. नदीकाठच्या एका झाडावरची बुरशी, नव्वद वर्षांपूर्वीची. आता ते झाड नव्हतं, काठ नव्हता, आणि ती बुरशी पुन्हा कोणाला दिसली नव्हती. बाईंनी पात्याने तिचा केसाएवढा कपचा काढला, पाण्याच्या थेंबात ठेवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मग खुर्ची सोडून उठल्या.

“काका, बसा इथे.”

“मी? अहो, मी कपाटवाला!”

“बसा हो!”

काकांनी डोळा लावला. पाणी पिऊन कपचा फुगला होता आणि त्यातून सोनेरी मण्यांची रास सांडली होती. एकेका मण्यावर जाळीदार नक्षी, आत्ताच कोरल्यासारखी. कुठे टवका म्हणून उडालेला नाही.

“जिवंत आहे?” काका कुजबुजले.

“नाही. बुरशीचं बी आहे ते, वाळलेलं.”

“मग एवढं ताजं कसं?”

“ते तुम्ही सांगा. तुमच्याकडे होतं.”

काकांनी मान वर केली नाही.

“बाकीच्या पुड्यांतही असंच?”

“प्रत्येकीत वेगळं.”

त्यानंतर पंधरा मिनिटं काका त्या खुर्चीवरून हलले नाहीत. संचालकबाई मागे हात बांधून, आपला नंबर लागायची वाट बघत उभ्या होत्या.