नकाशातलं कोरं शेत

सुनेला चार माणसांत तोंड वर करून प्रश्न विचारायची खोड होती, आणि बारब्राला ती मुळीच खपत नव्हती. रविवारी प्रार्थना आटोपली की लोक चर्चच्या दाराशी जरा रेंगाळतात, हवापाण्याचं बोलतात. तिथे ही डब्लिनची ग्रोन्या हातात नकाशा घेऊन म्हाताऱ्यांच्या घोळक्यात उभी! हे शेत कुठलं, त्या खडकाला काय म्हणतात, का म्हणतात. लग्न होऊन वर्ष झालं नाही आणि बाई गावाची झडती घ्यायला निघाली.

"मार्टीनला विचारत होतीस?" घरी आल्या आल्या बारब्रा कडाडली. "त्याला स्वतःच्या कुत्र्याचं नाव धड आठवत नाही. आणि मी काय घरात मेल्यागत पडलेय?"

"तुम्ही रागावता म्हणून नाही विचारलं, आई."

"रागावते ना. पण थापा नाही मारत. आण तो कागद इकडे."

शाळा बारब्रानं अकराव्या वर्षी सोडली होती. नकाशावरची अक्षरं तिला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत. पण ग्रोन्यानं 'ओढ्याच्या पलीकडे' एवढं म्हणायचा अवकाश, की नाव तिच्या तोंडातून बाहेर पडायचं. कॅरिग-ना-रोन, समुद्रातले सील प्राणी उन्हाला येऊन पडतात तो खडक. टोबर-ग्याल, चकाकत्या पाण्याची विहीर. आणि गाव डेरी-इलर, म्हणजे गरुडाचं ओकबन.

"इथे तर एकही ओक नाही," ग्रोन्या म्हणाली.

"माझ्या पणजीच्या आधीच चुलीत गेले ते. गरुडही गेला. नाव तेवढं कुणाला तोडून नेता आलं नाही. इंग्रजांच्या मोजणीदारांनी वेडंवाकडं लिहून ठेवलं, तरी उरलंच."

ग्रोन्या भराभर लिहीत होती. चाळीसेक नावं झाली. बारब्रा मनातून फुलली होती, पण चेहऱ्यावर काही येऊ देईल तर शपथ. मग ग्रोन्याचं बोट घराच्या खालच्या अंगाला, समुद्राकडच्या एका चिमुकल्या चौकोनावर थांबलं.

"आणि हे?"

बारब्रा उठली. चहाची किटली उगाच हलवून पाहिली.

"त्याला नाव नाही."

"सगळे हेच म्हणाले. मार्टीनकाकांनी तर टोपी सारखी केली आणि चालू पडले."

खुर्चीत बूट काढत बसलेल्या कोलमनं, बारब्राच्या लेकानं, मान वर केली. "नाव नाही तेच बरं. शनिवारी मशीन येतंय. ते पांढरे दगड उपटून सपाटी केली की मेंढ्यांची शेड तिथेच घालणार."

"तिथे नको."

"महिनाभर हेच ऐकतोय, आई! जमीन कोरडी आहे, वाऱ्याला आडोसा आहे, रस्ता हाकेवर आहे. का नको, ते एकदा सांग तरी."

"नको म्हणजे नको."

"याला कारण म्हणत नाहीत." तो चिडून मोज्यांवरच आतल्या खोलीत निघून गेला.

बारब्राला कारण सांगायचं नव्हतं असं नाही. ते इतकी वर्षं गिळलेलं होतं. वर यायला तयार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती समुद्राकडे उतरली. गुडघे कुरकुरत होते, तरी काठी घेतली नाही. खालच्या शेताच्या दगडी भिंतीशी ग्रोन्या आधीच उभी होती. आत गेली नव्हती. आत गवतातून पांढरे दगड डोकावत होते. पावाच्या लादीएवढे, काही त्याहूनही लहान, आणि सगळे ओळीत.

ग्रोन्यानं सासूकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"विचार की!" बारब्रा डाफरली. "एरवी तोंड बंद नसतं तुझं."

"आज नाही विचारत, आई."

वारा मोठा होता. बारब्रानं भिंतीला हात टेकला.

"गारी-ना-बॉश्टी," ती म्हणाली. "मुलांचं शेत. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेली. त्यांना चर्चच्या मातीत जागा नव्हती. साऱ्या गावाची इथे आहेत. मार्टीनच्या दोन बहिणी आहेत."

ग्रोन्याची नजर त्या ओळींवरून फिरली.

"माझा पहिला आहे. कोलमच्या आधीचा. अर्धा तास होता. पाद्रीबाबा बोटीतून उतरेपर्यंत गेला. फेस्टीनं, तुझ्या सासऱ्यानं, बुटांच्या खोक्यात घालून आणला. मला अंथरुणातून उठू दिलं नाही. परत आला आणि एवढंच म्हणाला, 'तिसरी ओळ, भिंतीकडून दुसरा.' पुढे फेस्टी मरेपर्यंत आम्ही दोघांनी त्यावर तोंड उघडलं नाही. डोक्यावर समुद्री गवताचा भारा घेऊन इथून जायचे तेव्हा नुसती नजर टाकायचे. तिसरी ओळ, दुसरा."

"नाव काय त्याचं?"

बारब्रानं चमकून तिच्याकडे पाहिलं. बाप्तिस्मा नाही म्हणजे नाव नाही, असंच सगळ्यांनी धरलं होतं. दाईनं, पाद्रीबाबानं, खुद्द फेस्टीनंसुद्धा.

"काहल," ती म्हणाली. तो शब्द तिच्या कानांनी पहिल्यांदाच ऐकला. "मी मनातच ठेवलं होतं. काहल."

ग्रोन्यानं तिचा हात धरला. बारब्रानं तो झिडकारला नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

घरी आल्यावर तिनं कोलमला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, एका दमात, चहाचा घोटही न घेता. कोलम पन्नाशीचा, धिप्पाड गडी, पण त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "मला भाऊ होता?" एवढंच त्याला म्हणता आलं. मग त्यानं फोन उचलून मशीनवाल्याला सांगितलं, येऊ नकोस, उद्याही नको, कधीच नको.

ग्रोन्यानं नकाशा टेबलावर पसरला. पेन उघडून थांबली. "लिहू ना, आई? कायमचं राहील."

"लिही. नीट मोठ्या अक्षरात लिही," बारब्रा म्हणाली. त्या मुंग्यांच्या रांगेनं चौकोन भरेपर्यंत ती वाकून पाहत राहिली. मग कंबर सरळ केली.

"ऐक गं डब्लिनवाले. चर्चच्या दाराशी गेल्या रविवारी तुला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. त्यातला एक शब्द मागे घेत नाही, तुझं वागणं तसंच आहे. पण खरं सांगू? नाव विचारायला तू या घरात पंचावन्न वर्षं उशिरा आलीस, हाच काय तो तुझा गुन्हा."