आल्बर्नचा ट्रामवाला

व्हिएन्नात कुणी मेलं की म्हणतात, 'तो एकाहत्तरने गेला.' एकाहत्तर नंबरची ट्राम मोठ्या दफनभूमीकडे जाते म्हणून. रोझविताचा नवरा एगॉन पावेल्का आयुष्यभर तीच ट्राम चालवत आला, आणि कुठे लग्नाबिग्नात नवीन माणूस भेटला की सांगायचा, "मी लोकांना पोचवतो. तुमचाही नंबर लागेल, घाई करू नका."

निवृत्त झाल्यावर पहिली दिवाळखोरी आली ती त्याच्या बोलण्याला. दिवसभर खिडकीशी बसायचा, रस्त्यावरून ट्राम गेली की तिच्याकडे बघायचा, आणि विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, वेळेवर आहे." फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो पाव आणायला म्हणून उतरला. संध्याकाळी शहराच्या टोकाला, आल्बर्नच्या बंदराजवळ डॅन्यूबच्या काठावर त्याचे बूट सापडले. शेजारी शेजारी नीट ठेवलेले, मोजे गुंडाळून आत घातलेले. पोलिसांनी पाणबुडे उतरवले, होड्या फिरवल्या. एगॉन सापडला नाही.

याला आता चार हिवाळे झाले होते. रोझविता ना बायको राहिली होती ना विधवा झाली होती. बँकेत, दवाखान्यात कुणी विचारलं की ती म्हणायची, "नवरा नाहीये." म्हणजे घरी नाहीये की जगात नाहीये, ते समोरच्याने ठरवावं.

एगॉनची थोरली बहीण हेर्मीने हिला मात्र ठरवायचं काहीच नव्हतं. भाऊ जिवंत आहे, एवढं तिचं पक्कं होतं. दर गुरुवारी दोघी फावोरिटेन भागातल्या एका जुन्या कॉफीहाउसात भेटायच्या आणि हेर्मीने खसखशीचा केक काट्याने टोकरत नवी बातमी सांगायची.

"इटलीत, ट्रिएस्टला दिसला म्हणे. बंदरावर. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईचा जावई ट्रक चालवतो ना, त्याने पाहिला."

"जावयाने एगॉनला आधी कधी पाहिलं होतं का?"

"फोटो दाखवलाय मी त्याला. तूच बघ, तुला एक वाईट सांगितलं की लगेच पटतं, बरं सांगितलं की पुरावा हवा. काठावर बूट ठेवले म्हणजे माणूस मेला? लहानपणी आई बूट घालून घालून दमायची, हा कोपऱ्यावर गेला की काढून टाकायचा."

"फेब्रुवारीत, हेर्मीने?"

"फेब्रुवारीतसुद्धा."

रोझविता हसायची आणि बिल मागवायची. नणंदेचा हा हट्ट तिला वेडेपणाचा वाटायचा. तरी एकही गुरुवार तिने चुकवला नाही, आणि का चुकवत नाही याचा कधी विचार केला नाही.

रोझविताचं काम फिरस्त्यांना शहर दाखवण्याचं. राजवाडे आणि मोठं चर्च दाखवणारे पुष्कळ होते. ती दाखवायची ती कुणाला ठाऊक नसलेली ठिकाणं. वेड्यांना कोंडायचा गोल बुरूज. सेंट मार्क्सची जुनी दफनभूमी, जिथे वसंतात थडग्यांवर लायलॅकची झुडपं ओणवतात. दफनाच्या संग्रहालयातली ती घंटा, जिची दोरी मेलेल्याच्या हाताला बांधत, चुकून जिवंत असला तर ओढायला. ही सगळी ठिकाणं एगॉनच्या सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून हुडकलेली होती, खिशात सॉसेजचे पाव घेऊन, नकाशा न घेता. आता तीच ठिकाणं ती परक्यांना सांगायची आणि दर वेळी ती ठिकाणं थोडी थोडी झिजायची. कालांतराने घंटेपुढे उभी राहिली की तिला एगॉनचं हसणं आठवेनासं झालं, फक्त आपलं वाक्य आठवायचं.

त्या शरदात तिच्या सहलींच्या कंपनीला नवा मालक आला. फालेंटिन नावाचा, तिशीतला, वागायला चांगला मुलगा. त्याने तिला बोलावलं.

"फ्राऊ पावेल्का, तुमची मरणाची फेरी सगळ्यांना आवडते. पण एक कळत नाही. निनावी लोकांची दफनभूमी तुम्ही का गाळता? आल्बर्नची? लोक तिचंच नाव घेऊन येतात."

"लांब पडते ती. बस बदलावी लागते."

"बदलू की. लोकांना मोठ्या चर्चसमोर उभं राहून फोटो काढायचा कंटाळा आलाय. त्यांना असलंच हवंय."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर आधी आपण कोण हे सांगावं लागलं असतं, आणि तिथेच तर सगळं अडलं होतं. ती म्हणाली, "बरं."

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ती मंडळींना घेऊन बसमधून उतरली. धान्याची प्रचंड कोठारं, मागे पुराचा बांध, बांधाच्या पायऱ्या चढून पलीकडे उतरलं की झाडाखाली लहानशी सपाट जागा. काळे लोखंडी क्रूस, त्यांवर पांढरा येशू, आणि बहुतेकांवर एकच शब्द: निनावी. मंडळींचं बोलणं आपोआप खाली आलं.

रोझविताने पाठ असलेलं सांगितलं. पूर्वी इथे नदीला वळण होतं, भोवरा होता. वर शहरात कुणी उडी मारली, कुणी घसरला, कुणाला ढकललं, तरी नदी त्याला इथेच आणून टाकायची. कोळी बाहेर काढायचे आणि इथेच पुरायचे. मग बंदर बांधलं, प्रवाह बदलला. "तेव्हापासून नदी इथे कुणालाही आणत नाही," ती म्हणाली.

ग्रात्सहून आलेल्या एका दाताच्या डॉक्टराने विचारलं, "मग हल्ली बुडणारे जातात कुठे?"

"पुढे. ब्रातिस्लाव्हाकडे. त्याच्याही पुढे धरण आहे."

त्या धरणावरच्या माणसाशी ती फोनवर बोलली होती, पहिल्या वर्षी दर महिन्याला. फार अदबीने बोलायचा तो. शेवटी शेवटी तिचा आवाज ऐकूनच म्हणायचा, "नाही, बाई."

मंडळींत लिंत्सच्या दोघी बहिणी होत्या. त्यांतल्या थोरलीने पिशवीतून शेवंतीची छोटी जुडी काढली. "मी म्हटलं, नुसतं बघून कसं जायचं? ज्याचं कुणीसुद्धा नाही असा एक दाखवा. त्याला घालते."

रोझविताने शेवटच्या ओळीतला कोपऱ्यातला क्रूस दाखवला. का तोच, तिला सांगता आलं नसतं.

"याचं कुणीच नाही?"

"आहे," रोझविता म्हणाली. आणि मग तिचं तिलाच ऐकू येऊ लागलं. "हा ट्राम चालवायचा. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एकाहत्तर नंबरची. काम सुटल्यावर याला दिवस खायला उठला. एका सकाळी पाव आणायला म्हणून निघाला. काठावर बूट काढून ठेवले, मोजे गुंडाळून आत. एकदा मागे वळून बघितलं. नदीने इथे आणला. बायकोला कळलं की नाही, ठाऊक नाही."

थोरल्या बहिणीचे डोळे भरून आले. तिने गुडघा टेकून फुलं ठेवली, मातीवरची पानं हाताने बाजूला केली. रोझविता बघत राहिली. चार वर्षांत कुणी एगॉनसाठी जमिनीला हात लावला नव्हता. लावणार कुठे? त्या क्षणी तिला इतकं हलकं वाटलं की परतीच्या बसमध्ये तिचा डोळा लागला.

पुढच्या शनिवारी लोक स्वतःच विचारू लागले, "तो ट्रामवाला कुठला?" बहिणींनी इंटरनेटवर लिहिलं होतं, फोटोसकट. रोझविताने पुन्हा सांगितलं. न सांगायचं तिने ठरवलं होतं, पण लोक क्रुसाभोवती उभे राहून तिच्या तोंडाकडे बघत होते. तिसऱ्या खेपेला फुलांबरोबर कुणीतरी लाल रंगाची खेळण्यातली ट्राम ठेवून गेलं. मग मेणबत्त्या आल्या. फालेंटिन खूश होता. "हे आधी का नाही सांगितलंत? कुठे मिळालं तुम्हाला?"

"ऐकलेलं आहे," ती म्हणाली.

क्रुसाखाली खरोखर कोण होतं, देव जाणे. एखादी मोलकरीण असेल, लेकुरवाळी असेल. जिला नावसुद्धा उरलं नव्हतं तिची तेवढी हात-दीड हात जागाही आपण नवऱ्यासाठी बळकावली, हे रोझविताला अंथरुणावर पडल्यावर टोचायचं. आणि बळकावून तरी काय मिळालं? सांगून सांगून एगॉनही घंटेसारखाच झाला. मागे वळून बघणारा, लोकांना रडवणारा, भलताच कुणीतरी. पहिल्या दिवशीचा हलकेपणा पुन्हा आलाच नाही.

नोव्हेंबरात एका गुरुवारी हेर्मीने कॉफीला आली नाही. सर्दी असेल, रोझविताला वाटलं. शनिवारी मंडळींना घेऊन ती बांधाच्या पायऱ्या चढली आणि वरूनच तिला दिसलं. कोपऱ्यातल्या क्रुसापाशी हेर्मीने उभी होती. तपकिरी कोट, हातात मिटलेली छत्री. पावसाची भुरभुर चालू होती तरी मिटलेली.

लोक जमले. हेर्मीने बाजूला सरली, एखाद्या प्रवाशासारखी.

"सांग ना," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत. आमच्या खालच्या बाईच्या नातीने मला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, आजी, अगदी तुमच्या भावासारखं आहे."

रोझविताने लोकांकडे पाहिलं. "या क्रुसाखाली कोण आहे मला माहीत नाही," ती म्हणाली. "कुणालाच माहीत नाही. मी सांगितलं ते खोटं आहे. ट्रामवाला माझा नवरा. तो चार वर्षांपूर्वी गेला आणि सापडला नाही. ही त्याची थोरली बहीण."

मग मागून एका तरुणाने हळूच आपल्या मैत्रिणीला विचारलं, "हाही गोष्टीतलाच भाग आहे का?" मैत्रीण म्हणाली, "असेल." आणि एका बाईने, बिचारीला काय करावं सुचलं नसावं, दोन-तीन टाळ्या वाजवल्या.

रोझविताने त्यांना बसथांबा दाखवला आणि जायला सांगितलं. लोक बांध चढून गेले. दोघी ओल्या बाकावर बसल्या.

"त्यात लिहिलंय, त्याने एकदा मागे वळून बघितलं," हेर्मीने म्हणाली. "ते तुला कसं कळलं?"

"ते मी रचलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं खरं आहे, हेर्मीने."

"मोजे गुंडाळून ठेवलेले होते?"

"हो. मी तेव्हाच सांगितलं होतं तुला."

"नाही. बूट म्हणालीस. मोज्यांचं नाही म्हणालीस." हेर्मीने छत्रीच्या टोकाने माती उकरत राहिली. "मोजे तो कधी गुंडाळायचा नाही. भिरकावून द्यायचा. आई मारायची त्यासाठी. शाळेच्या सहलीला तळ्यावर गेलो होतो, तेव्हा मी त्याला शिकवलं, परत यायचं नसेल तर असे फेक, यायचं असेल तर गुंडाळून ठेव."

"मग तो यायचा होता..."

"यायचा होता म्हणून नाही गं. मी काय शिकवलं ते त्याच्या लक्षात होतं. पळून गेला असता तर नेहमीसारखे भिरकावून दिले असते. निघताना माझी आठवण आली त्याला, निरोपासारखी." तिचा चेहरा कोरडा होता. "म्हणजे गेलाच तो."

रोझविताला वाटलं, आता आपल्याला बरं वाटायला हवं. चार वर्षं ती हेच तर नणंदेच्या गळी उतरवायला बघत होती. पण तसं काही वाटलं नाही. तिने हेर्मीनेचा हात धरला आणि म्हणाली, "ट्रिएस्टचा तो माणूस? जावयाने पाहिलेला?"

"तो असेल कुणीतरी," हेर्मीने म्हणाली आणि हात सोडवून घेतला. "तू त्याला पुरलंस, रोझी. परक्यांना घेऊन पुरलंस, फुलंबिलं घालून. मला बोलावलंही नाहीस."

नाताळाआधी रोझविताने काम सोडलं. फालेंटिनने माफी मागितली, आधी का नाही बोललात म्हणाला, आणि दुसरी मुलगी ठेवली. ती ट्रामवाल्याची गोष्ट सांगते. आता त्यात बायको दर शनिवारी क्रुसापाशी येते असंही आहे. रोझविता पुन्हा तिकडे फिरकली नाही. तिच्या अर्जावर न्यायालयाने एगॉनला मृत ठरवलं. तिने हेर्मीनेला फोन केला तर ती "बरं झालं" एवढंच म्हणाली, जणू कुणी दुसऱ्याच घरची बातमी देत होतं.

गुरुवार बंद पडले. मग जानेवारीच्या अखेरीला रोझविता स्वतःच केक घेऊन हेर्मीनेच्या घरी गेली. त्या घरात ती बऱ्याच वर्षांनी येत होती. हेर्मीनेने दार उघडलं, केक घेतला, बस म्हणाली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत लोखंडी पलंग होता, गादी गुंडाळून दोरीने बांधलेली. खुर्चीवर पुरुषाचा नवाकोरा पायजमा घडी करून ठेवला होता, लेबलसकट.

"त्याच्यासाठी लावून ठेवली होती खोली," हेर्मीने म्हणाली. "तुझ्याकडे यायची लाज वाटली असती त्याला. आधी माझ्याकडेच आला असता."

रोझविताने पायजम्याकडे पाहिलं. "पलंग राहू दे की तसाच," ती म्हणाली. "कुणाला अडचण आहे?"

"मला."

"हेर्मीने, आपल्याला नक्की कुठे माहीत आहे? कागदावर लिहिलं म्हणून काय झालं? ग्रात्सला, नाहीतर क्रोएशियात..."

"नको," हेर्मीने म्हणाली. "तुला ते जमत नाही. तू बोलतेस तेव्हा तो दिसत नाही."

दोघींनी कॉफी घेतली. केक कुणीच कापला नाही. निघताना हेर्मीने दारापर्यंत आली, कोट घालायला मदत केली, गळपट्टा नीट केला, थोरली बहीण करते तसा.

"इतकी वर्षं मी दाराला आतून कडी घालत नव्हते," ती म्हणाली. "किल्ली विसरतो तो."

रोझविता जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचली तोवर वरून कडी सरकल्याचा आवाज आला.