माळीवर पावलं वाजली

"'म्हातारा काठावर बसून दूरच्या नाकाकडे पाहत राहिला,'" असं तिने खणखणीत आवाजात वाचलं आणि चष्म्यावरून समोरच्या खुर्चीकडे नजर टाकली.

पुस्तकात 'नावेकडे' होतं. खुर्चीतल्या नवऱ्याने एक डोळा उघडला, डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांड्यावर आपटलं आणि डोळा परत मिटून घेतला. चूक आहे, एवढं सांगून झालं होतं.

"बोटाने नको. तोंडाने सांगा. नाकाकडे नाही, तर कशाकडे?"

त्याचे ओठ जरा हलले. घशातून काहीतरी निघालं, पण अर्ध्यातूनच परत फिरलं. मग त्याने मान खिडकीकडे वळवली. हे त्याचं 'आता पुरे' होतं, आणि ते तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं.

ती शाळेत खेळ शिकवायची. मुलं तिला शिट्टीबाई म्हणायची, आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव काही सुटलं नाही. धापा टाकणाऱ्या पोराला 'अजून एक फेरी' म्हणणं हा तिचा स्वभावच होता. नवरा मात्र छापखान्यात मुद्रितं तपासणारा. जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि उकार दुरुस्त केलेले. दुकानाच्या पाटीवरचीही चूक त्याला बघवत नसे, आत जाऊन सांगून यायचा. गल्लीत त्याला वेलांटीराव म्हणत आणि त्याला ते मनातून आवडायचं. अशा माणसाला झटका आला, आणि हात-पाय हळूहळू ताळ्यावर येत असताना शब्द तेवढे रुसून बसले. कळत सगळं होतं. बोलता काहीच येत नव्हतं.

बोलणं शिकवायला एक मुलगी यायची. तिने स्पष्टच सांगितलं होतं, "काकू, तोंड जितकं बंद राहील तितकं उघडणं अवघड जाईल. काकांना जे मनापासून आवडतं ना, तिथून सुरुवात करा."

मनापासून आवडतं म्हणजे त्यांचा तो लेखक. 'तुमचा तो', ती म्हणायची. त्याच्या कादंबरीत एक माणूस सकाळी घराबाहेर पडे आणि संध्याकाळी परत येई, बस्स. मध्ये ढग येत, जात. "अहो, पण होतं काय यात?" असं ती विचारायची, तर हे म्हणायचे, "काही होत नाही, म्हणून तर आवडतो. आणि स्वल्पविराम कुठे द्यायचा ते त्याला कळतं." स्वल्पविरामासाठी कुणी कुणावर प्रेम करतं का? पण वेलांटीराव करत होते.

'माझा तो' वेगळा. तो रहस्यकथा लिहायचा, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मुडदा पडलेला असायचाच. स्वस्तातला कागद, छपाई अशी की अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. वेलांटीराव ती पुस्तकं चिमटीत धरून उचलायचे. "यात खुनापेक्षा शुद्धलेखनाचे मुडदे जास्त आहेत," म्हणायचे. ती म्हणायची, "असू देत. माझ्या लेखकाच्या गोष्टीत ज्याने केलं तो शेवटी सापडतो. बाहेर सापडतो का सांगा." मग ते चहा मागायचे.

आणि आता हे असं. रोज जेवणं उरकली की ती 'तुमचा तो' उघडायची आणि मुद्दाम चुकीचं वाचायची. ढगांचे ढोल केले, सावलीची सासू केली. बोट आपटलं जायचं, पण शब्द फुटायचा नाही. खरं तर बोटसुद्धा आता कंटाळल्यासारखं आपटत होतं. आयुष्यभर चुका पकडलेल्या माणसाला खोटी चूक ओळखू येणार नाही होय?

लेकीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आई, जरा दमाने घे. बाबा काही तुझ्या संघातले नाहीत."

"माझ्या संघातलेच आहेत ते. तू काळजी करू नकोस."

फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन तिने उगाच ओटा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. ते आता कधीच बोलले नाहीत तर, हा विचार तिने आजवर दाराबाहेर उभा केला होता. आज तो आत येऊन बसला. या घरात तिला 'अगं' म्हणणारं दुसरं कोण होतं? भांडायला तरी समोरून आवाज यायला हवा. तिला रडू आलं, तिने ते येऊ दिलं, मग तोंड धुतलं आणि बाहेर आली.

'तुमचा तो' टेबलावर उपडा पडला होता. तिने तो उचलून फळीवर ठेवून दिला.

"आज तुमची सुट्टी. मला माझं वाचायचंय," ती म्हणाली. "ऐकायचं तर ऐका, नाहीतर झोपा."

कपाटातून तिने एक पुस्तक काढलं. तिच्या लेखकाचं शेवटचं. तो गेला, आता पुढचं येणार नाही, म्हणून तिने ते कधी वाचलंच नव्हतं. एक तरी शेवट आपल्याला ठाऊक नसलेला असावा, असं तिला वाटायचं. आज तिला स्वतःसाठीच काहीतरी हवं होतं. शिकवण्यासाठी नाही, फेऱ्या मारून घेण्यासाठी नाही.

ती मोठ्यानेच वाचू लागली, सवयीने. बंगला आला, वादळ आलं, दिवे गेले. पान उलटलं तसा मुडदाही आला. तिला बरं वाटू लागलं. खुर्चीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"'सगळे दिवाणखान्यात जमले होते. कुणी हूं की चूं करेना. इतक्यात वर माळीवर पावलं वाजली.'"

ती थांबली. पुन्हा डोळे बारीक करून पाहिलं.

"माळीवर? म्हणजे काय, माळ्याला आडवा पाडून त्याच्यावर चालतंय की काय कुणी?"

तिला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं होतं, म्हणून आवरेना. चष्मा काढून तिने डोळे पुसले.

"मा..."

ती हसायची थांबली. पण वळली नाही. शर्यतीत शेवटच्या टप्प्यावर आलेल्या पोराकडे बघायचं नसतं, बिचकतं ते. तिने पुस्तकाकडेच बघत बोट ओळीवर ठेवलं.

"मा... माडी."

आवाज गंजलेल्या कडीसारखा होता, पण शब्द पुरा होता. काना, वेलांटी, सगळं जागच्या जागी.

"माडी," ती म्हणाली. "माडीवर पावलं वाजली. बरोबर."

ती वळली. त्याचा चेहरा लाल झाला होता, गळ्याची शीर ताणलेली. त्याचं अजून संपलं नव्हतं. डावा हात हवेत उठला, पुस्तकाच्या शेवटच्या पानांकडे बोट दाखवू लागला.

"माळी... शेवटी."

"काय?"

"माळी," तो म्हणाला, आणि हाताची सुरी करून हवेत खुपसली.

तिला समजायला एक क्षण लागला. मग ती पुस्तक मांडीवर आपटून उभीच राहिली.

"माळ्याने खून केला? अहो, मी हे वाचलं नव्हतं. मुद्दाम ठेवलं होतं."

तो खिडकीकडे बघू लागला.

"इकडे बघा. तुम्हाला कसं कळलं?"

खिडकीतच लक्ष.

"वाचलंत तुम्ही. चिमटीत धरत होता ना? हे एकच वाचलंत, की आणखी?"

"सगळी," वेलांटीराव खिडकीला म्हणाले.

ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली, गुडघ्याला गुडघा टेकवून. अजून एक फेरी. "का?"

त्याने मान हलवली. नाही जमत.

"जमतं. माडी जमली, माळी जमला. का वाचलीत, सांगा. मी बसले आहे इथे."

त्याचे ओठ जुळत, सुटत, पुन्हा जुळत. तिने मध्ये एकही शब्द पुरवला नाही, स्वतःचे ओठ मात्र दातांखाली धरून ठेवले.

"तुला," तो म्हणाला. मग दम घेतला. "आवडतात."

त्याचा लुळा उजवा हात तिने उचलून आपल्या मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने पुस्तक उघडलं. शेवट तर आता फुटलाच होता. तरी मधलं बाकी होतं.

पुढच्याच पानावर फुलांची परडी घेऊन माळी आला, मोठा साळसूद चेहरा करून. तिने ते वाक्य गंभीरपणे वाचायचा प्रयत्न केला. दोघांनाही ते जमलं नाही.