मोरीच्या पुढचा रस्ता

"माझं ऐका, हे काम आतल्याच माणसाचं," टपरीवरचा वकील म्हणाला. तो खरा वकील नव्हता. वादात कुणालाच हार जात नसे म्हणून पडलेलं ते नाव. "साहेब त्या दिवशी मोठा रस्ता सोडून मोरीच्या रस्त्याने गेले. हे ठाऊक कुणाला होतं? बायकोला आणि ड्रायव्हरला. आता काढा हिशेब!"

कुणीतरी त्याला कोपराने ढोसलं. बाकाच्या टोकाला पाठमोरा बसलेला माणूस म्हणजे तो ड्रायव्हरच होता. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडून समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला.

आता त्याला सगळे मास्तर म्हणत. पोलिसातल्या साहेबांच्या जीपवरची नोकरी सोडून तो इथे गाडी शिकवायला लागला, त्याला बरीच वर्षं झाली होती. पण त्या दुपारपासून काही त्याची सुटका नव्हती. मोरीजवळच्या वळणावर रस्त्यात दगड रचलेले होते. त्याने जीप थांबवली. "बस तू, मी बघतो," म्हणत साहेब उतरले आणि झाडीतून गोळ्या सुटल्या. एक गोळी जीपच्या दारातून आरपार गेली. तो खाली वाकला म्हणून वाचला. साहेब रस्त्यावरच गेले. मारणारे सापडलेच नाहीत. मग गावाने आपापले मारेकरी शोधले. कुणी म्हणे वाळूवाले, कुणी म्हणे खात्यातलेच लोक, कुणी म्हणे बायकोचं बाहेर काहीतरी होतं. पण फिरून फिरून गाडी यायची ती ड्रायव्हरवरच. नेमका तोच कसा वाचला?

मालकाने त्याला हाक मारली. "मास्तर, नवीन बाई आल्यात. तुम्हीच शिकवायला हवेत म्हणतायत."

खुर्चीवर साहेबांच्या पत्नी, वहिनी, बसल्या होत्या. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर त्या काम करत. त्याचं डोकं दुखलं तरी तो त्या दवाखान्यात जात नसे.

"उद्यापासून येऊ ना?" त्यांनी विचारलं.

"या, वहिनी," तो म्हणाला.

घरी बायको कावलीच. "नाही म्हणून सांगा त्यांना. लोक आधीच काय कमी बोलतात?"

"नाही म्हटलं तर म्हणतील, तोंड लपवतोय."

"आणि हो म्हटलं तर म्हणतील, ह्यांचं आधीपासूनच होतं!"

"म्हणजे बोललो तरी चोर, गप्प बसलो तरी चोर," तो म्हणाला. दोघंही हसली. त्याची सगळी रात्र कूस बदलण्यात गेली. ही बाई का आली असेल? काय विचारेल? खरं तर विचारायचं त्यालाही होतं. रस्ता बदलल्याचं साहेबांनी त्याच्या देखत घरी फोन करून सांगितलं होतं. आपण कुणाला बोललो नाही. मग उरलं कोण? हा विचार त्याने बायकोलाही कधी बोलून दाखवला नव्हता.

मैदानावर वहिनी मन लावून शिकल्या. गिअर अडला की ओठ घट्ट मिटून तो पुन्हा टाकत. बोलणं कामापुरतंच. "आरशात बघा." "बघितलं." "हळू." "हळूच आहे." हीच शांतता मास्तरला छळत होती. ह्यापेक्षा टपरीवरचा वकील परवडला. तो निदान तोंडावर बोलतो.

मग एका दुपारी बाजारातून परत फिरायच्या चौकात वहिनींनी गाडी डावीकडे घेतली.

"वहिनी, आपल्याला उजवीकडे..."

"मला माहीत आहे हा कुठला रस्ता आहे ते."

घरं संपली, वीटभट्टी मागे पडली, आणि मोरी आली. वहिनींनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"कुठे?"

त्याने बोट दाखवलं. त्या उतरल्या. तोही उतरला. तिथे काहीच नव्हतं. डांबर नवीन होतं, झाडी तोडून तिथे कुणीतरी कोबी लावला होता. मोरीखाली थोडं पाणी होतं आणि त्यात एक चप्पल अडकली होती. वहिनी बराच वेळ इकडून तिकडे येरझारा घालत राहिल्या.

"त्यांचा फोन आला होता मला," शेवटी त्या म्हणाल्या. "मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं होतं?"

"नाही. मुलाबाळांची शपथ, नाही."

"मला वाटायचं, तुम्हीच."

"मलाही वाटायचं," तो म्हणाला आणि त्याची मान खाली गेली. "तुम्हीच."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. आता ही बाई ओरडेल, असं त्याला वाटलं. पण त्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. वाऱ्याने उडणारा पदर त्यांनी मुठीत धरला.

"मी खिडकीवर बसून दिवसभर हेच करते," त्या म्हणाल्या. "माणसं नावं सांगतात, मी लिहिते, आणि डोक्यात हेच. परवा अचानक वाटलं, मारणाऱ्यांनी दोन्ही रस्त्यांवर माणसं बसवली असतील तर? मग कुणी सांगायची गरजच काय?"

एवढी वर्षं मास्तर वकिलासारखाच विचार करत आला होता. कुणीतरी सांगितलं, हे धरूनच चालला होता. साहेब इकडून जाओत की तिकडून, दगड दोन्हीकडे रचलेले असू शकतात, हे त्याच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

"असेल," तो म्हणाला. "हाही तर्कच, पण असेल."

"तर्कच," त्या म्हणाल्या. "पण ह्यात आपण दोघं नाही."

त्याला एकदम रडू आलं. तो कोबीकडे तोंड करून उभा राहिला. वहिनींनी त्याला हाक मारली नाही, समजूतही घातली नाही. थोड्या वेळाने गाडीचं दार वाजलं. त्या स्टिअरिंगवर जाऊन बसल्या होत्या.

"हा रस्ता पुढे कुठे जातो?"

"नक्की नाही सांगता येणार. मी इथून पुढे कधी गेलोच नाही."

वहिनींनी गाडी सुरू केली आणि परत वळवायच्या ऐवजी सरळ नेली. दोन्हीकडे शेतं लागली, एक शाळा, सायकलवरून डबा घेऊन चाललेला म्हातारा. मग रेल्वेचं फाटक आलं. ते बंद होतं. त्यांची गाडी रांगेत थांबली.

शेजारच्या ट्रकमधून ड्रायव्हरने वाकून बघितलं. गाडीवरचं लाल 'एल' अक्षर बघून तो हसला. "नवीन शिकताय का, ताई?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

"मग क्लच दाबून बसू नका, झिजतो. न्यूट्रलमध्ये ठेवा."

"बरं."

एवढंच बोलून तो आपल्या क्लीनरशी टायरच्या पंक्चरबद्दल बोलायला लागला. मास्तर वाट बघत होता, आता हा पुढचं विचारेल: तुम्ही ते साहेबांचे ड्रायव्हर ना? पण ट्रकवाल्याने परत त्यांच्याकडे बघितलंही नाही.

आगगाडी धडधडत निघून गेली. फाटक वर गेलं. वहिनींनी गिअर टाकला आणि इंजिन बंद पडलं. मागून हॉर्नचा गलका झाला. वहिनींनी आरशात बघितलं, किल्ली फिरवली, आणि कुणाच्याही हॉर्नला न जुमानता सावकाश रूळ ओलांडले.